एकाच हाताच्या कार्नितास

"बाबा, आज एकच दिवस," युनुएन म्हणाली, "स्वतःबद्दल काही बोलू नका. पावसावर बोला, सरकारवर बोला, हवं तर आईच्या गुडघेदुखीवर बोला. पण कार्नितासबद्दल नको."

"मी कधी बोलतो स्वतःबद्दल?" फिदेन्सियो आरियागांनी विचारलं. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

रविवारची सकाळ होती. दुपारी दोन वाजता सामोरा गावाहून गामालिएलचे आईवडील त्याच्यासाठी युनुएनला रीतसर मागणी घालायला येणार होते. युनुएन एकतिसाव्या वर्षात होती. याआधी दोन स्थळं अशीच दारापर्यंत येऊन, फिदेन्सियोंशी तासभर गप्पा मारून, परत न येण्यासाठी गेली होती. गामालिएल मात्र दोन वर्षं टिकला होता. तो कमी ऐकू येत असल्याचं नाटक करतो, असं युनुएनच्या आईचं मत होतं.

फिदेन्सियोंनी किरोगा गावच्या नगरपालिकेच्या नोंदणी कचेरीत तीस वर्षं काढली होती. अर्ध्या किरोग्याला त्यांनी कागदावर जन्म दिला आणि उरलेल्या अर्ध्याला कागदावरच पोचवलं. एवढ्यावर एखादा माणूस समाधानी झाला असता. पण फिदेन्सियोंचं म्हणणं असं, की आपला खरा हातखंडा कार्नितासमध्ये. आता आमच्या किरोग्यात दर तिसऱ्या घरी कार्नितास, म्हणजे डुकराचं मांस चरबीत, शिजतं, मोरेलियाहून लोक गाड्या काढून खायला येतात. अशा गावात ही बढाई मारायची म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवण्यासारखं. त्यातून त्यांचा सख्खा मेहुणा चोन याची चौकात कार्नितासची सव्वीस वर्षांची गादी. त्याच्याबद्दल फिदेन्सियो मोठ्या मनानं म्हणायचे, "बरं करतो हो तो. पोट भरण्यापुरतं."

फिदेन्सियो स्वतः वर्षातून दोनदा कार्नितास करायचे. जाळ असा लावायचे की शेजारचे कपडे आत घ्यायचे. दर पाच मिनिटांनी तुकडा टोचून बघायचे, पुन्हा लाकडं घालायचे. जे तयार व्हायचं ते बाहेरून काळं आणि आतून चिवट असायचं. गावातला दातांचा डॉक्टर त्यांच्या जेवणाचं आमंत्रण कधी चुकवत नसे, तो मैत्रीखातर येत असावा.

"मी चोनला सांगते," ओफेलियाबाई आठवड्यापासून म्हणत होत्या. "पाच किलो पाठवेल."

"माझ्या पोरीची मागणी, आणि मांस परक्याच्या हातचं?"

"चोन माझा सख्खा भाऊ आहे हो!"

"तेच म्हणतोय मी."

 ओफेलियाबाईंनी भात, राजमा आणि अवोकाडोची चटणी नेहमीच्या दुप्पट करायचं ठरवलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या एवढं शिकल्या होत्या.

तांब्याची मोठी कढई लिंबू-मीठ लावून घासून झाली, तेव्हा ती ठेवायची कुठं हा प्रश्न आला. अंगणात पाहुण्यांच्या खुर्च्या मांडलेल्या. स्वयंपाकघरात कढई मावेना.

"मागच्या फाटकात न्या," ओफेलियाबाईंनी फर्मान काढलं. "आणि हा एप्रन बांधा. धूर इकडे आला तर बघा!"

आरियागांचं घर दोन रस्त्यांच्या मध्ये आहे. पुढचं दार चर्चच्या रस्त्यावर, तिथं दारावर नाव, कुंड्या, सगळं सभ्य. मागचं फाटक गल्लीत उघडतं, तिथं कोंबड्या आणि मोडक्या खुर्च्या. ओफेलियाबाईंचा गुलाबांच्या फुलांचा एप्रन, डोक्यावर गवती टोपी, धुरासाठी नाका-तोंडावर रुमाल, अशा थाटात फिदेन्सियोंनी फाटकात चूल पेटवली. चरबी वितळली. पंधरा किलो मांस आत गेलं. नऊ वाजता त्यांनी लाकडी वल्हं हातात घेतलं.

आणि एकदा वल्हं हातात घेतलं की ते दुसऱ्याला द्यायचं नसतं. हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. ज्या हातानं ढवळायला सुरुवात केली, शेवटपर्यंत तोच हात. मध्येच दुसऱ्याचा हात लागला की मांस रुसतं, चरबी फुटते, केलेलं सगळं मातीत जातं. शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, शास्त्रज्ञांना कोणी कार्नितास करायला बोलावत नाही.

साडेनऊला फिदेन्सियोंच्या ध्यानात आलं की लाकडाचा ढीग अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात राहिलाय. कढई सोडून जाता येईना. वल्हं द्यायला कुणी नाही, आणि असतं तरी देता आलं नसतं. त्यांनी दोनदा हाका मारल्या. आत ओफेलियाबाई मिक्सर लावून बसल्या होत्या आणि युनुएन केस वाळवत होती. बत्तीस वर्षांत बायकोनं त्यांच्या हाकेकडं दुर्लक्ष करण्यात जे प्रावीण्य मिळवलं होतं, ते आज मिक्सरच्या मदतीनं पूर्णत्वाला गेलं. फिदेन्सियोंनी नाइलाजानं होती ती चार लाकडं पुरवून पुरवून जाळायला सुरुवात केली. जाळ कसाबसा जिवंत राहिला. कढई हळूच बुडबुडत होती. हे पाहून त्यांच्या जिवाची तगमग होत होती.

दहाच्या प्रार्थनेनंतर गल्लीतून पाद्रीबाबा आले. ते थांबले, त्यांनी वास घेतला आणि कढईसमोर उभे राहिले.

इथं एक गोष्ट आहे. आमच्याकडे रविवारी दारात कढई म्हणजे दुकान. पाटी लागत नाही, ओरडावं लागत नाही. धूर दिसला की लोक उभे राहतात.

"तुम्हीपण सुरू केलंत वाटतं, फिदेन्सियो?" पाद्रीबाबा म्हणाले. "छान, छान. मला अर्धा किलो बांधा, थोडं कातडं पण घाला."

लग्न हेच पाद्रीबाबा लावणार होते. त्यांना नाही कसं म्हणायचं? "अजून झालं नाही, फादर," फिदेन्सियो म्हणाले.

"थांबतो की."

पाद्रीबाबा थांबलेले पाहून शेजारच्या तोमासाबाई थांबल्या. तोमासाबाई थांबलेल्या पाहून, इथं काहीतरी खास असणार म्हणून बँकेतला शिपाई थांबला. मग टायरवाला, मग दोघी शिक्षिका. अकरा वाजेपर्यंत गल्लीत रांग लागली.

'हे विकायचं नाही,' असं एक वाक्य उच्चारलं असतं तर सगळं मिटलं असतं. फिदेन्सियोंनी ते तीनदा जुळवलंही. पण त्यांच्या कार्नितासांसाठी रांग! आयुष्यात पहिल्यांदा! चोनच्या गादीपाशी असते तशी! त्यांनी रांगेकडं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि ते वाक्य गिळून टाकलं. उलट रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्यांना ते रुमालाआडून ओरडून सांगू लागले, "धीर धरा! चांगल्या गोष्टीला वेळ लागतो!" हे तत्त्वज्ञान त्यांना लाकडं कमी पडल्यावर सुचलं होतं.

"संत्रं पिळलंत का?" तोमासाबाईंनी विचारलं.

"मला शिकवता?"

"मी आपलं विचारलं," म्हणत तोमासाबाईंनी पिशवीतलं संत्रं काढून कढईत पिळलं. संत्रं पिळणं म्हणजे ढवळणं नव्हे, त्यामुळे नियमाप्रमाणे आक्षेप घेता येईना. टायरवाल्यानं दुधाची बाटली घेतली होती, त्यानं त्यातलं थोडं दूध ओतलं. पाद्रीबाबांनी मिठाची चौकशी केली. शेवटी तोमासाबाईंनाच दया आली आणि त्यांनी घरून ओकची चार सुकी ढलपी आणून दिली. शेवटच्या वीस मिनिटांत जाळ भडकला आणि तुकडे सोनेरी व्हायला लागले. गल्लीत असा वास सुटला की रांगेतली माणसं गप्पा मारायची थांबली.

आणि तेवढ्यात, पावणेएकच्या सुमाराला, पांढऱ्या सदऱ्यातले एक उंच गृहस्थ रांग ओलांडून सरळ कढईशी आले. कढईच्या वाफेनं त्यांचा चष्मा धुरकटला. त्यांनी तो काढून पुसला, तो पुन्हा धुरकटला. मग त्यांनी तो खिशातच ठेवला.

"चष्मा काढला की मला माणूस आणि खांब एकच," ते हसून म्हणाले. "बाबा रे, फिदेन्सियो आरियागांचं घर कुठं आहे इथं?"

फिदेन्सियोंची छाती फुगली. रुमालाआड तोंड उघडलं. 'मीच तो' हे शब्द जिभेच्या टोकावर आले.

"ते बढाईखोर आरियागा," गृहस्थांनी पुढे जोडलं.

तोंड मिटलं.

"कचेरीतले हो. माझ्या मुलासाठी त्यांच्या मुलीला मागणी घालायला आलोय. सामोऱ्याहून. इलारिओ तिनोको माझं नाव. घर ठाऊक असलेलं पोरगं आईला घेऊन मागून येतंय, मी एकटाच पुढं आलो." इलारिओंनी आवाज खाली आणला. अनोळखी माणसाशी मोकळं होण्यात जी मजा आहे ती ओळखीच्या माणसाशी नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. "मुलगी सोन्यासारखी आहे. पण बाप! गामालिएल सांगतो, दोन वर्षांत त्या माणसानं स्वतःच्या स्वयंपाकाशिवाय दुसरा विषय काढला नाही. गेल्या वेळी त्याला वाढलं, तर पोरगं शनिवारी चावायला लागलं ते रविवारी संपवलं."

"असं होय," फिदेन्सियो घोगऱ्या आवाजात म्हणाले. धुरानं घसा बसला होता, आणि आता तो पुरता बसला.

"माझा भाऊ असाच बढाईखोर. त्याच्या पायी आमच्या घरात पंधरा वर्षं कुणी एका टेबलाशी जेवलं नाही. म्हणून मी बायकोला स्पष्ट सांगून ठेवलंय. त्या आरियागानं आज एकदा, फक्त एकदा जरी 'मी केलेल्या कार्नितास' असं तोंडातून काढलं, की मी टोपी उचलणार आणि पोराला घेऊन निघणार. मला व्याही पाहिजे, भोंगा नको."

फिदेन्सियोंच्या हातातलं वल्हं थांबलं. त्यांच्या डोळ्यांसमोर युनुएन आली, सकाळी केस ओले असताना दारात उभी राहून 'आज एकच दिवस' म्हणणारी. पोरीनं त्यांच्याकडे एकतीस वर्षांत फार काही मागितलं नव्हतं. 

"अहो फिदेन्..." मागून तोमासाबाई ओरडल्या, "झालं की न..."

फिदेन्सियोंनी विजेच्या चपळाईनं कढईतला कातड्याचा तुकडा त्यांच्याच पिशवीतल्या तोर्तियात, म्हणजे मक्याच्या पोळीत, घातला आणि तोमासाबाईंच्या तोंडात कोंबला. तोमासाबाईंचे डोळे विस्फारले. मग ते हळूहळू मिटले, आणि त्या काही बोलायच्याच विसरल्या.

आता रांगेतला प्रत्येक माणूस म्हणजे एक एक धोका होता, कारण प्रत्येकाला त्यांचं नाव माहीत होतं. त्यांना घालवायचा एकच उपाय. फिदेन्सियोंनी भराभर कागदात मांस बांधून वाटायला सुरुवात केली. पाद्रीबाबांना किलोभर, शिक्षिकांना किलोभर, टायरवाल्याला जरा जास्तच. कुणी पैसे काढले की हात झटकून "जा, जा!" म्हणायचे. लोक बुचकळ्यात पडले, पण फुकटाचं मांस हातात आल्यावर बुचकळ्यातला माणूसही चालायला लागतो.

"काय उदार माणूस!" इलारिओ म्हणाले. त्यांनी एक तुकडा चाखला आणि लगेच दुसरा उचलला. "बाबा रे, उरलेलं सगळं मला दे. मागणी घालायला जायचं तर करंडीत काहीतरी न्यायलाच पाहिजे. आम्ही पाव, चॉकलेट, दुधाची मिठाई आणलीय. पण हे नेलं की एक मोठा फायदा आहे. पाहुण्यानं आणलेलं यजमानाला पानात वाढावंच लागतं. म्हणजे त्याचं खायची वेळच येणार नाही. कशी काय युक्ती?"

"फारच... छान," फिदेन्सियो म्हणाले.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर नाव सांगावं लागलं असतं. त्यांनी आपल्या हातानं शेवटचा तुकडासुद्धा कागदात बांधला, इलारिओंनी एप्रनच्या खिशात कोंबलेली नोट मुकाट्यानं घेतली, आणि आपल्याच घराचा पत्ता अख्ख्या गावाला वळसा घालून सांगितला. तेवढाच आंघोळीला वेळ मिळाला.

रिकामी कढई घेऊन ते आत गेले तेव्हा ओफेलियाबाई टेबलावर चादर घालत होत्या.

"मांस?"

फिदेन्सियोंनी कढई खाली ठेवली. "जळलं. टाकून दिलं."

"पंधरा किलो?"

"सगळं."

ओफेलियाबाईंनी छातीवर क्रूस काढला आणि आभाळाकडं पाहून म्हणाल्या, "देवा, तू आहेस रे बाबा." लगेच त्यांनी भावाला फोन लावला. पण रविवारी एक वाजून गेल्यावर चोनच्या कढईत घासायलासुद्धा काही उरत नाही. चोन नवी टोपी घालून रिकाम्या हातानं आला. टेबलावर भात, राजमा, चटणी आणि तोर्तियांचा ढीग यांच्या मधोमध एक मोठं रिकामं ताट होतं. ते पाहून युनुएनचे डोळे भरून आले. फिदेन्सियो न्हाऊन, केस चोपून, काळा कोट घालून उभे होते. पोरीच्या डोळ्यांकडं बघणं त्यांना जमेना.

सव्वादोनला तिनोको मंडळी पोचली. गामालिएलनं आईला हात देऊन आत आणलं, इलारिओंनी चष्मा घालून सगळ्यांशी हात मिळवले, आणि करंडी टेबलावर ठेवली. कागद उलगडताच खोलीत तो वास पसरला. ओफेलियाबाईंचा चेहरा उजळला. रिकामं ताट भरलं.

मंडळी जेवायला बसली. पहिला घास घेऊन चोन थांबला. तो दुसऱ्यांच्या कार्नितास सहसा तोंडात घालत नसे, घातल्या तर नाक मुरडत असे. त्यानं डोळे मिटले आणि सावकाश चावला. खरं तर चावायची गरजच नव्हती.

"कुठं घेतलंत हे?" त्यानं विचारलं.

"येताना गावातल्या एका गल्लीत. एक गरीब माणूस होता, धुरात उभा राहून ढवळणारा."

"सव्वीस वर्षं धंदा करतोय मी," चोन म्हणाला, "पण इतकं मऊ मांस माझ्या कढईतून निघालं नाही. या माणसाला मी उद्या दुकानात ठेवतो. म्हणेल तो पगार."

 फिदेन्सियोंच्या छातीत काहीतरी वर चढायला लागलं. ते गळ्याशी आलं, दातांपाशी आलं. त्यांनी एक मोठा घास घेऊन दार बंद केलं.

"हात बघा हो कसा आहे एकेकाचा!" ओफेलियाबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. बत्तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या हातचं दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं. "अगदी जीव ओतलाय. याला म्हणतात कार्नितास!"

"आणि गंमत म्हणजे," इलारिओ म्हणाले, "एवढा गुणी माणूस, पण स्वतःबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. मी त्याच्याशी वीस मिनिटं बोललो. 'असं होय' आणि 'फारच छान', बस्स."

"मग तो आमच्या गावचा नव्हे," ओफेलियाबाई ठामपणे म्हणाल्या. "कुणी परगावचा असणार."

खोलीत हशा पिकला. इलारिओंनी ग्लास खाली ठेवला आणि यजमानांकडं वळून म्हणाले, "फिदेन्सियोराव, स्पष्ट बोलतो, रागावू नका. मी तुमच्याबद्दल फार वेगळं ऐकून आलो होतो. पण तासभर बसलोय, तुम्ही स्वतःबद्दल एक शब्द बोलला नाहीत. असा व्याही नशीबवानालाच मिळतो. आमच्या गामालिएलसाठी युनुएनचा हात आम्ही मागतो."

युनुएननं गामालिएलकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. तिचा चेहरा इतका आनंदानं फुलला होता की फिदेन्सियोंना क्षणभर बाकी काही दिसेना. त्यांनी मान हलवून होकार दिला. बोलण्याचा धोका त्यांनी पत्करला नाही.

ग्लास भरले गेले. चोननं मात्र ताटातला शेवटचा तुकडा उचलून पुन्हा उजेडात धरला. "दाजी, तुम्ही एवढे जाणकार, तुम्ही काहीच बोलला नाहीत. कशा झाल्यात?"

सगळे त्यांच्याकडं पाहायला लागले. इलारिओंनीही चष्मा सारखा केला.

"मीठ," फिदेन्सियो कष्टानं म्हणाले, "जरा कमी आहे."

"झालं!" ओफेलियाबाई कडाडल्या. "दुसऱ्याच्या गुणाला नावं ठेवल्याशिवाय राहवतच नाही का हो तुम्हाला? व्याह्यांसमोर सांगा बरं, खरं सांगा. तुम्हाला जन्मात जमलं असतं का असं?"

 फिदेन्सियोंनी रिकाम्या ताटाकडं पाहिलं. त्या सोनेरी तुकड्यांकडं, साडेतीन तास न भडकलेल्या त्या मंद जाळाकडं, सव्वीस वर्षांच्या गादीला हरवून बसलेल्या आपल्या उजव्या हाताकडं त्यांनी मनातल्या मनात एकदा पोटभर पाहून घेतलं.

"नाही," ते म्हणाले. "मला नसतं जमलं."

फिदेन्सियो आरियागांनी आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत कमीपणा घेतला, आणि तोही धादांत खोटा.